पाण्याची नळी

मोर्शी तालुक्यातली ही जिल्हा परिषदेची शाळा. पाऊस लागलाय. पागोळ्या बघा, थेट अंगणात पडताहेत. व्हरांडा धुवून निघतोय, वर्गात मात्र थेंब नाही. काही वर्षांपूर्वी अशा पावसात पोरं दप्तरं मांडीवर घेऊन बसायची.

हे काम साहेबांचं. गाव त्यांना साहेबच म्हणायचं. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. सिंभोऱ्याला वर्धा नदीवर अप्पर वर्धा धरण झालं, १३ दरवाजांचं. उमेदीची वर्षं तिथं गेली.

ही नळी त्यांची. चौथीची पोरं करून दाखवताहेत. आत पाणी भरायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही. एक टोक या भिंतीला, दुसरं त्या. पाणी हललं की थांबायचं. स्थिर झालं की दोन्हीकडे पेन्सिलीची खूण, आणि खुणेपासून खाली फरशीपर्यंत टेप. व्हरांड्याचा उतार वर्गाकडे होता, हे असं सापडलं. इतकी साधी गोष्ट, पण तोवर कुणी नळी लावून पाहिलीच नव्हती. साहेबांनी फरशी उखडायला लावली. दहा फुटांना सव्वा इंच उतार, बाहेरच्या अंगाला. मजुरी पेन्शनमधून.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात. साहेबांच्या मुली इथूनच शिकून गेलेल्या, तरी ते बैठकीला येऊन मागं बसत. या आयांना बांधकामाचं अंदाजपत्रक वाचायला त्यांनीच शिकवलं. सिमेंटच्या गोण्या किती लिहिल्या, किती आल्या, हे आता या बाया स्वतः मोजतात. प्रत्येक शाळेत हे व्हायला हवं.

रविवारची उपासना. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या ना. वा. टिळकांची भजनं इथं आजही टाळ-पेटीवर म्हणतात. पेटीवर साहेबांच्या पत्नी. शेजारची चटई साहेबांची. उपासना आटोपली की घरी पंगत बसायची, वाढायला साहेब.

गेल्या वर्षी ते गेले. शाळेचा पटही उतरलाय, पाचवीचा वर्ग बंद झाला.

उन्हाळ्यात शाळेला रंग दिला. दाराशेजारी पेन्सिलीची ही रेघ आहे ना, तेवढी बोटभर जागा मुख्याध्यापिकाबाईंनी रंगाऱ्याला सोडायला सांगितली.