लासलगाव : भावावर चालणारं गाव

(दृश्य : सकाळ. विंचूर रस्त्यावरून येणारे ट्रॅक्टर.)

नाशिकहून साठेक किलोमीटरवर लासलगाव. हे तालुक्याचं ठिकाण नाही, तो मान निफाडचा. तरी येवल्याचा, चांदवडचा शेतकरी कांद्याची ट्रॉली भरून इकडेच वळतो. १९४७ साली इथे बाजार समिती स्थापन झाली. आज देशात कुठेही कांद्याच्या भावाची चर्चा निघाली, की लासलगावचा आकडा आधी पाहिला जातो.

(दृश्य : लिलाव.)

आवारात ट्रॉल्या आणि पिकअप रांगेनं लागलेत. शेतकरी आपल्या मालावर चढून उभा. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि पुढचे चार-पाच महिने चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, राहतो. तिथे वजन घटतं, दमट हवेनं काजळी (काळी बुरशी) धरते, कोंब फुटतात. एवढ्यातून वाचलेला माल आज ट्रॉलीत आहे.

व्यापाऱ्यांचा घोळका येतो. कुणी दोन कांदे उचलतो, दाबतो, पत्ती (वरचं साल) बघतो, मान सुकलीय का ते अंगठ्यानं चाचपतो. बोली चढते, अडखळते, पुन्हा दहा-वीस रुपयांनी सरकते. मिनिटभरात घोळका पुढच्या ट्रॉलीपाशी, आणि शेतकऱ्याच्या हातात भाव लिहिलेली चिठ्ठी.

इथेच व्यवहार संपला असं पाहुण्याला वाटतं. खरी धाकधूक पुढे असते. भुईकाट्यावर वजन करून ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे माल उतरवायच्या आवारात, जाते. फाळका उघडून माल खाली करताना गोल्टी (बारीक कांदा) जास्त निघाली, सडका निघाला, की ठरलेला भाव कमी करून मागितला जातो. वांधा पडतो. तो मिटवायला बाजार समितीची माणसं येतात, बोलणी होतात. पण ट्रॉली अर्धी रिकामी झाल्यावर शेतकऱ्याची बाजू लंगडी पडते, हे उघड आहे.

खळ्यावर बायका कांदा निवडतात, पत्ती झटकतात, बारदान भरतात. हमाल गोण्या ट्रकवर चढवतात. गाव मुंबई-भुसावळ रेल्वेमार्गावर असल्यामुळे मालगाड्याही भरतात.

(दृश्य : बाजारपेठ, दुपार.)

हिशोबपट्टीचे पैसे हातात आले, की ट्रॅक्टर पेठेकडे वळतो. कुणाला ठिबकच्या नळ्या हव्यात, कुणाला पंपाची मोटर भरून घ्यायचीय. कुणी आईला दवाखान्यात दाखवायला सोबतच आणलंय; एका खेपेत दोन कामं. मिसळीच्या हॉटेलात बसायला जागा नसते.

आणि लिलाव बंद असला की? ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं आणि जिल्ह्यातले लिलाव ठप्प झाले. डिसेंबरात तर निर्यातबंदीच आली, ती मे २०२४ मध्ये उठली. शुल्क पुढे कमी झालं, पण उरलेलं २० टक्के हटायला १ एप्रिल २०२५ उजाडला. शहरातल्या ग्राहकाला स्वस्त कांदा मिळावा, यात गैर काही नाही. पण त्या स्वस्ताईची किंमत इथल्या पेठेनंही मोजली, हे सहसा कुणी सांगत नाही. लिलाव नाही म्हणजे हमालाला हमाली नाही, खळ्यावरच्या बाईला रोज नाही, टपरीवाल्याचं दूध नासलेलं.

(दृश्य : कृषक प्रकल्पाची इमारत.)

याच गावात भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘कृषक’ हा विकिरण प्रकल्प, म्हणजे शेतमालावर किरणांची प्रक्रिया करणारा प्रकल्प, आहे, २००२ पासूनचा. विकिरणानं कांद्याला कोंब फुटत नाहीत. गंमत अशी, की प्रकल्पाचं नाव गाजलं ते आंब्यामुळे. २००७ साली अमेरिकेची दारं भारतीय आंब्याला पुन्हा उघडली, तेव्हा कोकणच्या हापूसला आधी विकिरणासाठी कांद्याच्या या गावी यावं लागलं. कांद्याची मदार मात्र अजून शेतातल्या चाळीवरच.

(दृश्य : कृषी सेवा केंद्र, संध्याकाळ.)

दिवसाचा शेवटचा थांबा बहुतेकांचा इथेच. बियाणं, खत, औषध, सगळं उधारीवर उचललेलं. दुकानदार वही उघडण्याआधीच विचारतो, “आज काय भाव गेला?” भाव बरा गेला असेल तर खातं निल होतं, पुढच्या लागवडीचं खतही ट्रॉलीत पडतं. पडला असेल तर थोडी रक्कम जमा, बाकी पुढच्या वाहनावर. दुकानदारही फार ताणत नाही. उद्या त्यालाही कंपनीचं बिल भरायचंय, आणि ते याच ट्रॉल्यांमधून निघणार आहे.