फांदी कुठं कापायची

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय 'मेलेल्या झाडातून शिल्प', आणि मी इथं चेनसॉ चालू करणार असं बऱ्याच जणांना वाटलेलं दिसतंय, कारण पुढच्या दोन रांगा रिकाम्या आहेत. नाही करणार हो, हॉलमध्ये कोण चालू करेल, या पुढे या.

मी दोन कामं करतो. दोरावर लटकून झाडं छाटतो, आणि पडलेल्या किंवा परवानगी काढून उतरवलेल्या झाडांचे ओंडके आणून त्याच मशीनने कोरतो. लोकांना ही दोन वेगळी कामं वाटतात. मला ती एकच वाटतात, कारण ओंडका उघडला की त्या झाडावर वीस वर्षांपूर्वी कोणी काय केलंय ते सगळं आत दिसतं. शिल्पाकडे येतोच, पण त्याआधी हे सांगायलाच हवं.

कोथरूडच्या एका सोसायटीत रेन ट्री होता. पुण्यात बरेच जण त्याला शिरीष म्हणतात, पण आपला शिरीष वेगळा, हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पावसाळ्यात एक फांदी गाडीवर पडली म्हणून मला बोलावलं. मी वर चढून सगळं बघितलं, वाळलेल्या तीन फांद्या आणि एक चिरलेली, एवढंच काढायची गरज होती. खाली उतरलो तर सेक्रेटरी काका म्हणाले, "अहो एकदाच बोडकं करून टाका ना, दरवर्षीची कटकट नको." मी अर्धा तास समजावलं, वहीवर चित्र काढून दाखवलं, नाहीच पटलं. पुढच्या महिन्यात दुसरी टोळी आली, दोन दिवसांत झाडाचा खांब करून गेली.

आता बोडकं केलेलं झाड गप्प बसत नाही. पानं म्हणजे त्याचं जेवण, तेच गेलं म्हटल्यावर ते कापाच्या खालून घाईघाईने काठ्यांसारखे फुटवे काढतं. लोक खूश, बघा कसं हिरवं झालं. पण मूळ फांदीचा सांधा खोडाबरोबर वर्षानुवर्षं वाढत गेलेला असतो, खोलवर गेलेला असतो, आणि हे फुटवे नुसते वरच्या थरात सालीजवळ चिकटलेले असतात. ते भराभर जाड होतात आणि त्याच वेळी खालचा कापलेला भाग आतून कुजत असतो. चौथ्या पावसाळ्यात तिथला असाच एक फुटवा पडला, पहिल्या फांदीपेक्षा मोठा. सुदैवाने खाली कोणी नव्हतं. मग झाड धोकादायक ठरलं, परवानगी निघाली, आणि ते उतरवायला पुन्हा मलाच फोन. त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही, खरंच सांगतो.

आपल्याकडे 1975 पासून शहरांतल्या झाडांसाठी कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज धरतात, आणि ते तोडावंच लागलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची. चांगलंच आहे. पण परवानगी हातात आली की कोयता कोणाच्या हातात जातो, त्याला फांदी कुठं कापायची हे कोणी शिकवलंय का, हे कुणी विचारत नाही. माझं भांडण तेवढंच आहे.

तर मी त्या रेन ट्रीचा ओंडका उभा चिरला. एका जुन्या कापापासून आत काळपट कूज सरळ खाली उतरलेली, हात घालता येईल एवढी पोकळी. आणि तिच्याभोवती झाडाने स्वतः घातलेली गडद रेघ, कुंपणासारखी. अमेरिकेत अ‍ॅलेक्स शायगो म्हणून वनशास्त्रज्ञ होते, 2006 साली गेले. त्यांनी हजारो झाडं चेनसॉने अशीच उभी चिरून बघितली आणि सांगितलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही, झाड तिला आतून भिंती घालून कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवून झाकतं. म्हणजे कुजलेलं पुन्हा चांगलं होत नाही. त्यावर डांबर फासा नाहीतर ऑइलपेंट, कूज थांबत नाही.

आणि भिंत घालायची सगळ्यात पक्की जागा असते फांदीच्या मुळाशी, शर्टाच्या कॉलरसारखी फुगीर वळी असते तिथे. काप तिच्या लगेच बाहेर घ्यायचा. खोडाला लागून सपाट कापलं की कॉलरच गेली, लांब खुंट ठेवला तर तो कुजतो. जड फांदी असेल तर आधी फूटभर पुढे खालून एक तृतीयांश काप, मग त्याच्या थोडं पुढे वरून, म्हणजे वजन पडताना साल सोलली जात नाही, आणि शेवटी उरलेला खुंट कॉलरच्या बाहेर. आणि हो, वाळलेली फांदी काढण्याआधी तिला खालच्या बाजूला गोल भोक आहे का बघा, तांबट पक्षी तिथंच घर करतो, आणि पावसाळ्याआधीची आपली छाटणी बरोब्बर त्याच्या पिल्लांच्या वेळेला येते. धोका नसेल तर मी ती फांदी तशीच ठेवतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, शिल्प.

कोरायला चेनसॉची पट्टी, म्हणजे जिच्याभोवती साखळी फिरते ती, वेगळी लागते, टोकाला अगदी निमुळती. साध्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून तोंडाकडे येतं, बारीक टोकाला ते खूप कमी होतं आणि डोळे, बोटं असं नाजूक काम जमतं. तरी हेल्मेट, तोंडावर जाळी आणि चेनसॉसाठीची ती जाड पँट घालायचीच, साखळी लागली तर तिच्यातले धागे मशीनमध्ये गुंतून ती जागीच अडवतात. पेट्रोलमध्ये ऑइल लिटरला 20 मिली. आणि गोल कानस खिशात ठेवा, भुश्याऐवजी पीठ पडायला लागलं की साखळी बोथट झाली समजायचं.

ओलं लाकूड वाळताना परिघाच्या दिशेने जास्त आणि गाभ्याच्या दिशेने कमी आकसतं, साधारण दुप्पट फरक असतो, म्हणून ओंडका तडकणारच. मग तडा कुठं जाईल ते आपणच ठरवायचं. मूर्तीच्या पाठीमागून गाभ्यापर्यंत एक उभी चीर मशीनने देऊन ठेवायची, ती रुंदावत जाते आणि चेहरा वाचतो. रेन ट्री त्यातल्या त्यात कमी आकसतो, हवाईत त्याचे वाडगे ओल्या लाकडातूनच करतात. आतलं लाकूड चॉकलेटी, कडेचं पिवळसर, एकाच ओंडक्यात दोन रंग मिळतात.

त्या कोथरूडच्या झाडाचं मी घुबड केलंय. पोकळी बुजवली नाही, तिथंच त्याची ढोली केली, कुंपणाची रेघ तशीच ठेवलीय. बाहेर गेटपाशी टेम्पोत आहे, जाताना हात लावून बघा, आणि पाठीमागची चीर आता किती उघडलीय तेही बघा, मी दिली तेव्हा त्यात नाणं पण जात नव्हतं.