पहिली बादली थंडच का?

पहाटेचे साडेपाच वाजले आहेत. पुण्यातल्या एका सात मजली इमारतीच्या गच्चीवर काल दिवसभराच्या उन्हात तापलेले पाणी सौर वॉटर हीटरच्या टाकीत भरलेले आहे, आणि खाली पहिल्या मजल्यावर कोणीतरी नळ सोडून वाट पाहत आहे. ही पहिली बादली थंडच भरणार आहे.

दोष उन्हाचा नाही. सौर हीटरच्या दक्षिणेकडे कललेल्या पॅनेलमध्ये काचेखाली काळा लेप दिलेला पत्रा आणि त्याला जोडलेल्या तांब्याच्या नळ्या असतात. नळ्यांतले पाणी तापले की हलके होऊन वर टाकीत चढते आणि टाकीच्या तळाचे थंड पाणी त्याची जागा घ्यायला खाली उतरते. घरगुती संचात हे चक्र पंपाशिवाय चालते. म्हणूनच टाकी पॅनेलपेक्षा उंचावर बसवलेली दिसते. नरसाळ्यातून ओतलेले थंड पाणी तळाशी जाऊन वरच्या तोटीतून कढत पाणी बाहेर काढणारा तांब्याचा बंब ज्यांनी वापरला आहे, त्यांना या टाकीचे वागणे नवे वाटू नये.

100 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापवायला विजेची जवळजवळ पावणेपाच युनिटे लागतात. तेवढेच पाणी तापवायला साधारण 2 चौरस मीटरचे पॅनेल आणि एक स्वच्छ दिवस पुरतो. पुणे महानगरपालिका अशा यंत्रणेसाठी मिळकतकरात सवलत देते, पण त्यासाठी यंत्रणा चालू असावी लागते, आणि ही अट आम्हांला सवलतीइतकीच महत्त्वाची वाटते.

कारण खरी अडचण सुरू होते ती टाकीच्या पुढे. आतून 25 मिलिमीटर व्यास असलेल्या नळाच्या एका मीटरमध्ये सुमारे अर्धा लिटर पाणी मावते. म्हणजे गच्चीपासून पहिल्या मजल्यापर्यंतच्या 30 मीटर नळात 15 लिटर पाणी रात्रभर निवत पडलेले असते, आणि ते वाहून गेल्याशिवाय गरम पाणी खाली पोहोचत नाही. वरच्या मजल्यांना ही झळ फारशी लागत नाही, त्यामुळे सोसायटीच्या बैठकीत हा विषय बहुधा खालचेच लोक काढतात. यावर उपाय आहे: नळाला उष्णतारोधक वेष्टन घालायचे आणि खालून टाकीकडे परत जाणारा एक नळ जोडून, पहाटे छोट्या पंपाने पाणी थोडा वेळ फिरवायचे. इमारत बांधतानाच हे केले तर खर्च थोडा येतो. नंतर भिंती फोडाव्या लागतात.

वसतिगृहे आणि रुग्णालये या ठिकाणी हिशेब अधिक सरळ असतो, कारण तिथे गरम पाण्याची गरज रोजची आणि मोठी असते. टाकीतले 60 अंशांचे 10 लिटर पाणी आणि 20 अंशांचे तेवढेच थंड पाणी मिसळले की आंघोळीजोगी एक बादली होते. म्हणजे 200 विद्यार्थ्यांसाठी 2,000 लिटरची टाकी आणि 40 चौरस मीटर पॅनेल पुरते, आणि एवढी जागा बहुतेक वसतिगृहांच्या गच्चीवर असते. नसतो तो माणूस, ज्याच्याकडे काचेवरची धूळ पुसण्याचे आणि नळ्यांत साचलेले क्षार काढून घेण्याचे काम नेमून दिलेले आहे. बोअरवेलचे पाणी जड असेल तर तांब्याच्या अरुंद नळ्या क्षारांनी आतून बुजत जातात, पाणी फिरायचे थांबते आणि कडक उन्हातही टाकी कोमटच राहते. पत्रा आणि तांब्याच्या नळ्यांऐवजी काचेच्या नळ्या असलेल्या साध्या संचात तर एक नळी फुटली तरी सगळी टाकी रिकामी होऊ शकते.

पावसाळ्यात विजेचा हीटर जोडीला लागतोच. तो संध्याकाळपासून चालू ठेवला, तर रात्रभर झिरपलेली उष्णता विजेनेच भरून काढावी लागते. आणि तो सकाळभर चालू राहिला, तर टाकी आधीच तापलेली असल्याने ढगांतून मिळणाऱ्या थोड्याशा उन्हालाही काम उरत नाही. म्हणून या इमारतीत तो टायमरवर ठेवला आहे: पहाटे चालू होतो आणि आंघोळीची वेळ उलटली की बंद.