चाळकेवाडीच्या सड्यावरचा सरडा

श्रोतेहो, नमस्कार.

साताऱ्याहून ठोसेघरच्या वाटेनं वर चढलं की चाळकेवाडीचं पठार लागतं. मे महिन्यात तिथं जांभा नुसता तापलेला, गवत वाळलेलं आणि डोक्यावर पवनचक्क्यांची घरघर. या उजाड सड्यावर काय बघायचं, असं वाटतं खरं. पण घटकाभर गप्प बसून राहा. समोरच्या दगडावर शेपटीसकट वीतभर लांबीचा एक मातकट सरडा येईल. दगडात इतका मिसळलेला, की नजर सहज चुकते. मग तो मान उंचावतो आणि गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उलगडतो. निळा, काळा, केशरी! डोळ्यांचं पातं लवतं न लवतं तोच मिटते, पुन्हा उघडते.

हा थाट फक्त नराचा. मादी लहानखुरी, करडी. तिच्या गळ्याला पंखा नाही. पावसाआधीच्या दोन-तीन महिन्यांत नर उंचसा दगड धरून बसतो. दुसरा नर जवळ आला की आधी पंख्याचा धाक, तेवढ्यानं भागलं नाही तर पाठलाग आणि चावाचावी. पुढे पावसाळा लागतो आणि मादी माती उकरून अंडी घालते.

याचं शास्त्रीय नाव ऐका: सरडा सुपर्बा. 2016 साली संशोधकांनी ही जात वेगळी म्हणून नोंदवली, तेव्हा अख्ख्या जातकुळीला आपला मराठी शब्दच दिला. मला याचं फार अप्रूप वाटतं. ‘सुपर्बा’ म्हणजे देखणा, दिमाखदार.

आता त्या पवनचक्क्यांबद्दल. याच पठारावरचा एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनं कमी आढळले. वरून झडप घालणारं कुणी नाही, म्हणून सरडे वाढले, माणूस जवळ आला तरी लवकर पळेनासे झाले. पण दाटी झाली की वाट्याला येणारे किडे कमी. तिथले सरडे अंगानं रोडावलेले निघाले आणि नरांच्या गळ्याचे रंगही फिके. पातं फिरतं वर आकाशात, आणि रंग उतरतो खाली दगडावर बसलेल्या सरड्याचा!

बघायला जायचं तर पावसाआधी जा, सकाळी ऊन चढू लागल्यावर. गाडी मात्र डांबरी रस्त्यावरच ठेवा. सड्यावर चालतानाही दगड उलथू नका. त्यातल्याच एखाद्यावर त्याची बैठक असते.

नमस्कार.