पहिला कोण आणि बदनाम कोण

नमस्कार मंडळी, आज क्विझ आहे. बक्षीस काही नाहीये त्यामुळे बिनधास्त शेजारच्याला विचारा, मोबाईलवर शोधलंत तरी इथून मला दिसणार नाही. विषय दोन, खेळातले पहिलेवहिले ब्लॅक खेळाडू आणि खेळातले घोटाळे, आणि दोन्हींची खिचडी का केलीय ते ऐकता ऐकता कळेलच.

पहिला प्रश्न. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधला पहिला ब्लॅक खेळाडू कोण?

जॅकी रॉबिन्सन म्हणालात ना? 15 एप्रिल 1947, ब्रुकलिन डॉजर्स, 42 नंबरची जर्सी, आणि 1997 साली तो नंबर अख्ख्या लीगमध्ये रिटायर केला, म्हणजे नव्यानं कुणालाच द्यायचा नाही. सगळं बरोबर आहे, फक्त उत्तर चूक आहे. त्याच्या 63 वर्षं आधी, 1884 मध्ये, मोझेस फ्लीटवूड वॉकर नावाचा माणूस टोलेडोच्या टीमकडून खेळत होता, आणि गंमत म्हणजे त्या सीझनमध्ये तो 42 मॅचेसच खेळला. हा योगायोग आहे, त्यातून कुणी ज्योतिष काढत बसू नका.

वॉकर कॅचर होता, म्हणजे आपला विकेटकीपर समजा, आणि त्या काळी हाताला धड ग्लोव्हजसुद्धा नसायचे. कॅचरने खुणा करायच्या आणि पिचरने, म्हणजे बॉलरने, त्याप्रमाणे बॉल टाकायचा अशी पद्धत असते. त्याच टीमचा पिचर टोनी मुलेन, यानं खूप वर्षांनी स्वतःच सांगून टाकलं की वॉकर मी पाहिलेला सगळ्यात भारी कॅचर, पण ब्लॅक माणसाच्या खुणा मी मानायचो नाही, मनाला येईल तो बॉल टाकायचो. आता विचार करा, समोरून कुठला बॉल येतोय पत्ता नाही आणि हात उघडे, आणि तरी तो माणूस पकडतोय!

मग मधली साठेक वर्षं काय झालं? तर 1887 मध्ये एका लीगच्या मालकांनी बसून ठरवलं की यापुढे नवीन ब्लॅक खेळाडू घ्यायचे नाहीत. बाकीच्यांनी ठरवलंबिरवलं काही नाही, फक्त घ्यायचं बंद केलं. कागदावर नियम नाही, त्यामुळे मोडला म्हणायचीही सोय नाही. आणि जाता जाता, 1879 मध्ये विल्यम एडवर्ड व्हाइट नावाचा एकजण प्रॉव्हिडन्सकडून एकच मॅच खेळला होता, आई गुलामगिरीतली, वडील गोरे, आणि तो स्वतः गोरा म्हणूनच जगला. पहिला त्याला म्हणायचं का, यावर तिकडचे बेसबॉल अभ्यासक अजून भांडतायत, आपण नको त्यात पडायला.

दुसरा प्रश्न घोटाळ्याचा. 1919 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची फायनल, पैसे घेऊन हरल्याचा आरोप कुठल्या टीमवर होता? शिकागो व्हाइट सॉक्स, सिनसिनाटी रेड्सविरुद्ध. आठ खेळाडू अडकले, तेव्हापासून त्यांचं नावच ब्लॅक सॉक्स पडलं. 2 ऑगस्ट 1921 ला कोर्टानं खटला चाललेल्या सगळ्यांना निर्दोष सोडलं आणि दुसऱ्याच दिवशी बेसबॉलच्या कमिशनरनं, म्हणजे सर्वोच्च प्रमुखानं, आठही जणांना आयुष्यभरासाठी बाहेर काढलं. यातला बक वीव्हर तर असा की त्यानं पैसे घेतलेच नव्हते, त्याला फक्त माहीत होतं आणि तो बोलला नाही, एवढाच गुन्हा.

त्या कमिशनरचं नाव लक्षात ठेवा, केनेसॉ माउंटन लँडिस. मूळचा जज, चेहराही तसाच कडक. 1920 ते 1944, मरेपर्यंत खुर्चीवर होता आणि त्या सगळ्या काळात मेजर लीगमध्ये एकही ब्लॅक खेळाडू खेळला नाही. 1942 मध्ये यानं जाहीर सांगितलं की असा कुठलाही लेखी किंवा तोंडी नियम आमच्याकडे नाही. तो 1944 च्या नोव्हेंबरमध्ये गेला आणि वर्षभराच्या आत डॉजर्सचा कारभार बघणाऱ्या ब्रँच रिकीनं रॉबिन्सनला साइन केल्याचं जाहीर केलं. म्हणजे बघा, एक घोटाळा माहीत असून गप्प राहिला म्हणून वीव्हरचं करिअर संपलं, आणि सगळ्या टीमचे मालक कित्येक वर्षं एकत्र गप्प बसले ते मात्र घोटाळ्यांच्या क्विझमध्ये कधी येत नाही. मला तरी मोठा घोटाळा हाच वाटतो, तुम्हाला पटत नसेल तर सोडून द्या.

तिसरा प्रश्न, आणि हा माझा आवडता. असा कोण खेळाडू आहे जो पहिला कोण या प्रश्नाचंही उत्तर आहे आणि बदनाम कोण या प्रश्नाचंही?

जॅक जॉन्सन! टेक्ससमधल्या गॅल्व्हस्टनचा पोरगा, 26 डिसेंबर 1908 ला सिडनीमध्ये टॉमी बर्न्सला हरवून जगातला पहिला ब्लॅक हेवीवेट चॅम्पियन झाला. अमेरिकेत खळबळ. रिटायर झालेल्या जिम जेफ्रीजला शेतावरून उठवून आणलं की बाबा तूच आता गोऱ्यांची लाज राख, आणि 4 जुलै 1910 ला, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनीच, रेनोमध्ये जॉन्सननं त्याला 15 व्या राउंडमध्ये संपवलं. त्या रात्री कितीतरी शहरांत दंगली झाल्या, माणसं मेली, मेलेल्यांत जास्त करून ब्लॅकच. आणि सरकारनं काय करावं, तर 1912 मध्ये बॉक्सिंगच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायला बंदी घातली.

रिंगमध्ये हरत नाही म्हटल्यावर कोर्टात धरला. मॅन ॲक्ट म्हणून कायदा होता, बायकांची विक्री, वेश्याव्यवसाय रोखायला 1910 मध्ये केलेला, तो याला लावला, का तर याच्या मैत्रिणी आणि बायका गोऱ्या होत्या. जामिनाचं प्रकरण शिकागोत एका जजसमोर आलं, ओळखा कोण? तेच आपले लँडिससाहेब. 1913 मध्ये जॉन्सनला सगळ्या गोऱ्या ज्यूरीनं दोषी ठरवलं, एक वर्ष आणि एक दिवसाची शिक्षा, आणि हा पठ्ठ्या देश सोडून पळाला. 1915 मध्ये हवानात 26 व्या राउंडला जेस विलर्डकडून टायटल गेलं, 1920 ला परत येऊन शरण आला, लेव्हनवर्थच्या जेलमध्ये बसला. माफी मिळाली 2018 ला, तो जाऊन 72 वर्षं झाल्यावर. आणि त्याच्यानंतर दुसऱ्या ब्लॅक बॉक्सरला हेवीवेट टायटलसाठी लढायला मिळालं ते थेट 1937 मध्ये, जो लुईला.

आता शेवटचा, घरचा प्रश्न, नागपूरकरांनी कान टवकारा. 19 मार्च 2000, सिव्हिल लाइन्सच्या व्हीसीए ग्राउंडवर भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका वनडे. दक्षिण आफ्रिकेचा कॅप्टन हॅन्सी क्रोनिएनं त्या मॅचसाठी कुठल्या दोन खेळाडूंना 15,000 डॉलरची ऑफर दिली होती?

हर्शेल गिब्ज आणि हेन्री विल्यम्स. गिब्जनं 20 च्या आत आउट व्हायचं आणि विल्यम्सनं 50 च्या वर रन द्यायचे असं ठरलं. गिब्ज बॅटिंगला गेला, बॉल मस्त बॅटवर यायला लागला आणि गडी 74 करून बसला. विल्यम्सचा खांदा दुखावला, दुसरी ओव्हरसुद्धा पूर्ण झाली नाही. म्हणजे फिक्सिंगच फ्लॉप! पण या दोघांकडेच कॅप्टन का गेला? दोघंही तिथल्या भाषेत कलर्ड, मिश्रवंशीय घरातले, वर्णभेद संपून जेमतेम काही वर्षं झालेल्या देशात टीममध्ये जागा मिळवलेले, आणि समोर गोरा, लाडका, देवमाणूस समजला जाणारा कॅप्टन. त्याला नाही म्हणायचं कसं? मायदेशात हा मुद्दा तेव्हाच खूप लोकांनी उचलला, आपल्याकडे मात्र सगळी चर्चा बुकी आणि दिल्ली पोलिसांनी टेप केलेल्या क्रोनिएच्या फोनवरच अडकली.

दोघांना सहा सहा महिन्यांची बंदी बसली, क्रोनिएला आजन्म. गिब्ज नंतर भरपूर खेळला, पण पोलीस चौकशीच्या भीतीनं 2006 पर्यंत भारतात यायचं टाळत राहिला. विल्यम्स दक्षिण आफ्रिकेकडून परत कधीच खेळला नाही.

चारही बरोबर आले असतील तर स्वतःची पाठ स्वतःच थोपटून घ्या, मी निघतो, पुढे बातम्या आहेत.