आईच्या नावाचं पान

(दृश्य: नाशिक, पहाटेचा गोदाघाट, होळकर पूल)

पुलाखालून पाणी वाहतं ते बघत हा मुलगा रोज अर्धा तास उभा असतो. वय नऊ. मागे आई, हातात त्याची बाटली. त्याची नजर पाण्यावरून हलली की घरी निघायचं, हे दोघांचं ठरलेलं.

(दृश्य: सिडकोतलं घर, गॅलरी, कपड्यांची तार)

चिमटे बघा. आधी निळे, मग हिरवे, शेवटी लाल. एक पिवळा आहे, तो तारेवर चढत नाही, मुठीतच राहतो. रांग पुरी होईपर्यंत आई पिळलेले कपडे खांद्यावर टाकून थांबते.

(दृश्य: फाईल, जवळून)

ही त्याची फाईल, ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची. पहिलं पान आईचं. गरोदरपणात कुठली औषधं घेतली, काही त्रास झाला का, बाळंतपण कसं झालं. डॉक्टरांना हे विचारावंच लागतं, त्यात गैर काही नाही. पण नातेवाईक आधीच येऊन गेलेले असतात. ग्रहणात विळी हातात घेतली होतीस का? नोकरी का सोडली नाहीस? मोबाईल कुणी दिला? कुणी त्र्यंबकला जाऊन विधी करायला सांगतं. वडिलांसाठी या पानावर दोनच ओळी आहेत, नाव आणि व्यवसाय.

हा सगळा आपल्याकडच्या जुन्या माणसांचा अडाणीपणा, असं आपण म्हणून टाकतो. पण आईला दोषी ठरवणारी सगळ्यात सफाईदार भाषा आली ती मोठ्या विद्यापीठांतून.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं)

१९४३ साल. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. आज आपण ज्याला ऑटिझम किंवा स्वमग्नता म्हणतो, त्याचं हे सुरुवातीचं आणि सगळ्यात गाजलेलं वर्णन. ही मुलं जन्मतःच अशी आहेत, असं कॅनर यांनी तेव्हाच लिहिलं होतं. एका मुलाच्या वडिलांनी त्यांना ३३ पानांचं टाइप केलेलं पत्र पाठवलं होतं, मुलाची बारीकसारीक सवय टिपून. अशा नोंदींवरच तर हा अभ्यास उभा राहिला. आणि गंमत बघा, आईवडिलांच्या त्याच काटेकोरपणात कॅनर यांना कोरडेपणाही दिसला. १९४९ मध्ये त्यांनी लिहिलं, ही मुलं जणू बर्फ न वितळणाऱ्या फ्रिजमध्ये ठेवलेली होती. तिथून ‘रेफ्रिजरेटर मदर’ हे नाव चिकटलं. बापाला असं नाव चिकटलं नाही.

(दृश्य: शिकागोचं जुनं छायाचित्र)

शिकागोतली अशा मुलांची निवासी शाळा चालवणारे ब्रूनो बेटेलहाइम यांनी त्याच्याही पुढची मजल मारली. ते स्वतः नाझींच्या छळछावणीत राहून आलेले. १९६७ च्या पुस्तकात त्यांनी या मुलांची अवस्था छावणीतल्या कैद्यांशी ताडून पाहिली. मग घरात पहारेकरी कोण, हे वाचणाऱ्याला वेगळं सांगावं लागलं नाही. उपाय काय, तर मूल आईपासून दूर ठेवा.

आईला दोषी ठरवण्याला पहिला मोठा धक्का त्या पुस्तकाच्या आधीच दिला होता, तो एका बापाने. बर्नार्ड रिमलँड, अमेरिकी नौदलातले मानसशास्त्रज्ञ, मुलगा ऑटिस्टिक. मिळेल तो कागद वाचून १९६४ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं: कारण मेंदूच्या जडणघडणीत आहे, आईच्या मायेत नाही. प्रस्तावना खुद्द कॅनर यांची. १९६९ मध्ये पालकांच्या सभेत कॅनर यांनी सांगून टाकलं, पालक म्हणून मी तुम्हाला दोषमुक्त करतो. पुढे १९७७ मध्ये ब्रिटनमध्ये, निदान एक मूल ऑटिस्टिक असलेल्या जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या गेल्या. एकसारख्या, म्हणजे जनुकंही सारखीच असलेल्या, ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुलं ऑटिस्टिक निघाली, साध्या भावंडांइतकीच जनुकं जुळणाऱ्या १० जोड्यांत अशी एकही नाही. सगळी जुळी आपापल्या एकाच आईच्या हाताखाली वाढलेली. फरक होता तो जनुकांचा.

मधल्या काळात किती आयांनी नोकऱ्या सोडल्या, किती जणी माहेरी धाडल्या गेल्या, हे कुठल्या फाईलमध्ये नाही.

(दृश्य: अपंगत्वाचं प्रमाणपत्र)

भारतात अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातल्या २१ अपंगत्वांमध्ये ऑटिझम आहे. प्रमाणपत्र मिळतं. त्यावर आईच्या गरोदरपणाचा रकाना नाही.

(दृश्य: पुन्हा गॅलरी)

चिमटे लावून झाले. पिवळा अजून मुठीत आहे. आता कपडे.

(पुढे निवेदन नाही. फक्त घरातले आवाज.)