साक्ष संपल्यानंतर

बंधूंनो आणि भगिनींनो,

साक्षीच्या सभेला आपण सगळेच कधी ना कधी बसलो आहोत. उभा राहिलेला माणूस पंचवीस मिनिटं आपलं जुनं आयुष्य सांगतो. दारू, जुगार, मारामाऱ्या, काही सुटत नाही. सांगताना रंगतोसुद्धा. मग "प्रभूनं मला बदललं, हालेलूया" म्हणून दोन मिनिटांत खाली बसतो. मला दर वेळी वाटतं, अहो, थांबा जरा! गोष्ट तर आत्ता कुठे सुरू होत होती. त्या दिवशी घरी गेल्यावर काय झालं? ज्यांचे पैसे बुडवले होते, त्यांचं पुढे काय? आज मला त्या राहून गेलेल्या भागाविषयी बोलायचं आहे.

मार्काच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात एक बाई भेटते. तिला नाव नाही. येशूचा शिष्य शिमोन पेत्र याची सासू, एवढीच ओळख. ती तापानं पडून आहे. येशू जवळ जातो, हात धरून उठवतो, ताप निघतो आणि ती त्यांची सेवा करू लागते. संपला प्रसंग. खरं सांगतो, पूर्वी हे वाचून मला राग यायचा. आजारातून उठते न उठते तोच बाई पाहुण्यांच्या सरबराईला! पण मूळ ग्रीक शब्द पाहिला आणि गप्प बसलो. तिथं 'दियाकोनेओ' हे क्रियापद आहे. त्याच अध्यायात थोडं आधी, अरण्यात देवदूत येशूची सेवा करतात, तिथं हाच शब्द. दहाव्या अध्यायात येशू स्वतःबद्दल सांगतो की मनुष्याचा पुत्र सेवा करून घ्यायला नाही, सेवा करायला आला, तिथंही हाच. मंडळीत आपण ज्यांना डीकन म्हणतो, त्या पदाचं नावही याच शब्दाच्या घराण्यातलं. याकोब आणि योहान हे शिष्य येशूच्या उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागत होते, बाकीचे दहा शिष्य त्यावरून चिडले होते, तेव्हा येशूला जे समजावून सांगावं लागलं, ते या बिननावाच्या बाईनं नऊ अध्याय आधीच करून दाखवलं होतं.

आणि क्रम लक्षात घ्या. ताप आधी उतरला. तिनं सेवेची कबुली दिली म्हणून उतरला नाही.

लूकाच्या शुभवर्तमानातल्या जक्कयाचंही तसंच. हा यरीहोतला मुख्य जकातदार, श्रीमंत माणूस. ठरलेल्याहून जास्त उकळायचं, यासाठी जकातदार बदनामच होते. बुटका असल्यामुळे तो उंबराच्या झाडावर चढला, हे आपल्याला संडे स्कूलपासून पाठ आहे. झाडाचं चित्रही रंगवलेलं असतं. पण पुढचा हिशेब आपण सहसा मुलांना शिकवत नाही, आणि खरी मौज त्या हिशेबात आहे.

येशू त्याला हाक मारतो आणि म्हणतो, आज मला तुझ्याच घरी उतरायचं आहे. "आधी पैसे परत कर, मग येतो" असं म्हणत नाही. लोक कुरकुरतात, पापी माणसाच्या घरी पाहुणा गेला म्हणून. आणि मग जक्कय उभा राहून बोलतो: अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देतो, आणि कोणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करतो. मोशेच्या नियमशास्त्रात, फसवून घेतलेलं कबूल करून परत करताना पाचवा हिस्सा जास्तीचा भरायचा असे. चौपट भरपाई होती ती मेंढरू चोरून कापणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला. जक्कय हिशेबातला माणूस. कबुलीची सवलत त्याला मिळण्यासारखी होती. त्यानं स्वतःला चोराचा दंड लावून घेतला. त्यावर येशू म्हणतो, आज या घराला तारण झालं आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. मत्तयही जकातदारच, तो जकातीच्या नाक्यावरून उठला आणि येशूच्या मागे गेला. जक्कयानं नाका सोडला, असं लूक कुठेही सांगत नाही. सोडला असेल, नसेलही. पण मला तो दुसऱ्या दिवशी त्याच वह्या उघडून बसलेला दिसतो. तेच आकडे, तीच माणसं समोर, फक्त आता तो कोणाकडून काय येणं आहे हे शोधत नाही, कोणाचं काय देणं आहे ते शोधतो आहे. सेवेचं पाचारण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लगेच पाळकाचा झगा येतो. बहुतेकांना ते पाचारण त्यांच्या वहीतच येतं.

आता थोडं अवघड बोलतो. हा बदल नेहमी झटपट होत नाही. जॉन न्यूटन हा गुलामांच्या व्यापारातला इंग्रज खलाशी. 1748 साली भर समुद्रात वादळात सापडला आणि देवाचा धावा केला. आपला पालट तो त्या दिवसापासून मोजत असे. आणि त्यानंतर? त्यानंतर तो गुलामांच्या जहाजाचा कप्तान झाला! वर खलाशांबरोबर प्रार्थना चालायची आणि खाली माणसं साखळदंडात असायची. 1754 मध्ये समुद्र सुटला, तोही आजारपणामुळे. पुढे पाळक झाला, 'अमेझिंग ग्रेस' लिहिलं. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याची पुस्तिका आली 1788 मध्ये. म्हणजे वादळानंतर 40 वर्षांनी. 1807 साली ब्रिटिश संसदेनं तो व्यापार बंद केला, त्याच वर्षी हा गेला. कृपा त्याला वादळातच भेटली होती, यात मला शंका नाही. पण तळघरातल्यांना त्याच्या हळूहळू सुधारण्याची किंमत मोजावी लागली. आपण ज्या जहाजावर गाणी गातो, त्याच्या खाली कोण आहे, हे विचारायला 40 वर्षं लागू नयेत.

आतापर्यंत साध्यासुध्या माणसांविषयी बोललो. पंडिता रमाबाईंना मात्र सामान्य म्हणायला जीभ रेटत नाही. संस्कृत पंडितांच्या सभा गाजवलेली बाई! तरी त्यांचं उदाहरण देतो, कारण त्यांना प्रवचनानं हलवलं नाही. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथं धर्मभगिनींच्या आश्रमात 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांना जिव्हाळ्यानं सांभाळलेलं त्यांनी पाहिलं. हे कशासाठी, असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका भगिनीनं योहानाच्या शुभवर्तमानातली, विहिरीवर येशू जिच्याशी बोलतो त्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. बाप्तिस्मा झाला. पण पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांनीच लिहिलं की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नंतर भेटला. 1896-97 च्या दुष्काळात निराधार मुलींना आणायला त्या स्वतः गेल्या, ते त्या दुसऱ्या भेटीनंतर.

सेवा करताना मोबदला मागायचा मोह होतो. पैशाचा नसेल, तर निदान समोरच्यानं आपल्या प्रार्थनेला येऊन बसावं याचा. लूकाच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात, आभार मानायला एकच परत येतो. येशूला त्याचं वाईट वाटतं, तो तसं बोलूनही दाखवतो. पण उरलेल्या नवांचं कुष्ठ परत आलं, असं काही लिहिलेलं नाही.

शेवटी पेत्राकडे येतो. सासूपासून सुरुवात केली, जावयाला सोडून कसं चालेल. महायाजकाच्या वाड्यात थंडीत कोळशाच्या विस्तवाशी शेकत असताना त्यानं "मी त्याला ओळखत नाही" असं तीनदा सांगितलं. नव्या करारात कोळशाच्या विस्तवाचा तो ग्रीक शब्द आणखी एकदाच येतो, पुनरुत्थानानंतर, सरोवराच्या काठी. पहाटेची वेळ, विस्तवावर मासळी, आणि ती मांडणारा स्वतः येशू. आधी तो शिष्यांना खाऊ घालतो. मग पेत्राला विचारतो, "तू माझ्यावर प्रीती करतोस काय?" तेही तीनदा. त्या रात्रीविषयी एक शब्द काढत नाही. दर उत्तरानंतर फक्त काम सांगतो: माझी कोकरे चार, माझी मेंढरे पाळ.